सिस्टर, पोरगं तुमच्या हवाली

दुपारची भांडी आवरून कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. चालू द्या. आज बचतीचं, कर्जाचं, हप्त्याचं काही बोलणार नाही. आज शाळेचं बोलू या. त्यातही मिशनच्या शाळेचं, म्हणजे फादर-सिस्टर चालवतात त्या कॅथलिक हायस्कूलचं.

जून उजाडला की या शाळांच्या ऑफिसबाहेर प्रवेशाची रांग लागते. रांगेत उभं राहून कान दिला तर एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. "सिस्टर, पोरगं तुमच्या हवाली. ऐकलं नाही तर खुशाल मारा, आम्ही विचारायला येणार नाही." माझ्या मुलाला पाचवीत घातलं तेव्हा मीही हेच बोलले होते. आपण किती समजूतदार पालक आहोत असं त्या दिवशी वाटलं होतं. समोरच्या सिस्टर काही बोलल्या नाहीत, फॉर्मवर शिक्का मारला आणि पुढच्या बाईंना हाक मारली. आज विचार केला तर त्या वाक्यात दोन चुका दिसतात. मारायची परवानगी दिली ही एक. ती द्यायचा मला अधिकारच नव्हता. दुसरी चूक त्याहून मोठी, ती म्हणजे "आम्ही विचारायला येणार नाही".

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नाशिक-जालन्याकडे, तिकडे समुद्राकाठी वसईत अशा शाळा कित्येक पिढ्यांपासून आहेत. बऱ्याचशा मराठी माध्यमाच्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या. काहींच्या शेजारी मुलींचं बोर्डिंग असतं. आईबाप ऊसतोडीला गेले की कितीतरी लेकरांची शाळा बोर्डिंगच्या आधारावरच टिकते. शाळा कॅथलिक असली तरी वर्गात सगळ्या जातीधर्मांची मुलं असतात. बहुतेक ठिकाणी ख्रिस्ती मुलं कमी आणि इतर जास्त, असंच चित्र दिसतं. आपण पोरांना तिथे घालतो ते "तिकडे शिस्त आहे" म्हणून. आणि मुलगी असेल तर "तिकडे सुरक्षित आहे" म्हणून.

एक शंका गावात हमखास निघते, ती आधीच निकाली काढते. तिथे आपल्या मुलांना त्यांचा धर्म शिकवतात का? आपल्या राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, की सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो, तेव्हा बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना सूचना काढल्या. त्यात इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका आणि परिपाठाला संविधानाची प्रास्ताविका म्हणा, असं सांगितलं आहे. तेव्हा शंका असेल तर पारावर बोलू नका, सरळ ऑफिसात जाऊन विचारा.

आता शिस्तीकडे येते. एक घडलेली गोष्ट सांगते. कुणाची ओळख लागू नये म्हणून गाव सांगत नाही आणि काही तपशील बदलले आहेत.

नववीचा वर्ग होता. स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम चालली होती. गिरकी घेताना एका मुलीचा पाय घसरला आणि ती सगळ्यांसमोर आदळली. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, तरी एका मुलाच्या दप्तरात होता. त्याने ते सगळं टिपलं, वर एक थिल्लर गाणं चढवलं आणि वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. रात्रीपर्यंत ते अर्ध्या गावाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, पोटात दुखतंय, शाळेत जात नाही. आईला वाटलं पाळी आली असेल. तिने ओवा दिला, शेक दिला. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी शेजारणीच्या पोराने हसत हसत मोबाइल पुढे केला, तेव्हा आईला कळलं की दुखणं पोटात नव्हतंच.

त्या मुलीची आई आणि त्या मुलाची आई एकाच गटातल्या. नुसत्या एका गटातल्या नाही, एकीच्या अंतर्गत कर्जाला दुसरी जामीन. त्या आठवड्याची बैठक मी कधी विसरणार नाही. एक म्हणाली, "माझ्या पोरीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही." दुसरी म्हणाली, "पोरं आहेत, चेष्टा केली, एवढं काय त्यात!" दोघी सतरंजीच्या दोन टोकांना बसल्या. बचतीचे पैसे मोजताना कुणी कुणाकडे बघेना. मला समन्वयक म्हणून काय बोलावं तेच सुचेना. मी इतिवृत्त लिहीत बसले.

शाळेतही दोन तट पडले. काही शिक्षकांचं म्हणणं, मुलाला आठ दिवस घरी बसवा. काहींचं म्हणणं, परिपाठाला सगळ्यांसमोर दोन ठेवून द्या, पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही. मुलाची आई शाळेत गेली ती घाबरून, दाखला हातात देतात की काय या भीतीने. तिने मोठ्या सिस्टरांना काय सांगितलं असेल? "मारा सिस्टर त्याला, सगळ्यांसमोर मारा, पण काढू नका."

मोठ्या सिस्टर दोन्हीला नाही म्हणाल्या. त्यांनी कारण सांगितलं ते ऐका. घरी बसवलं तर आठ दिवस तो काय करणार? मोबाइलच बघणार. आणि सगळ्यांसमोर मारलं तर काय होईल? संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला त्याची दया येईल आणि "हिच्यामुळे बिचाऱ्याला मार पडला" असं मुलीलाच ऐकावं लागेल. त्याने काय केलं हे बाजूला राहील आणि त्याचं काय झालं तेवढंच लोक बोलतील. हे मला एकदम पटलं. आपल्या घरातही असंच होतं ना? आपण पोराला फटका दिला की तो फटक्याचा राग धरून बसतो. ज्यासाठी फटका पडला ते त्याच्या डोक्यातून जातं. हिशेब चुकता झाला असं त्यालाही वाटतं आणि आपल्यालाही.

मग सिस्टरांनी काय केलं? आधी मुलीला बोलावलं, तिच्या वर्गशिक्षिका बाईंसोबत. तिला विचारलं, तुला काय हवं आहे? हा प्रश्न तोवर तिला कुणी विचारला नव्हता. आईने नाही, मी नाही, गटाने नाही. सगळे आपापसात भांडत होतो. ती म्हणाली, तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलमधून जायला पाहिजे. ज्या ग्रुपवर टाकला, त्याच ग्रुपवर त्याने स्वतः लिहिलं पाहिजे. आणि मला त्याच्याशी सगळ्यांसमोर हात मिळवायला लावू नका. तिसरी गोष्ट ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. कारण त्यांच्या मनात नेमकं तेच होतं, दोघांना समोर उभं करून हात मिळवून विषय मिटवायचा.

नंतर मुलाला एकट्याला बसवलं. "असं का केलंस?" या प्रश्नाला पोरं मान खाली घालतात किंवा खोटं बोलतात. म्हणून सिस्टरांनी दुसरे प्रश्न विचारले. काय काय झालं ते पहिल्यापासून सांग. तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कुणाकुणाला त्रास झाला असेल? आता ते नीट करायला तू काय करशील? शेवटच्या दोन प्रश्नांना त्याला पहिल्या दिवशी उत्तर देता आलं नाही. सिस्टर म्हणाल्या, उद्या ये. तीन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी रडला आणि बोलला.

मग दोघींच्या आयांना बोलावलं, चहा दिला आणि मुलांनी काय ठरवलं ते सांगितलं. त्या मुलाने वर्गातल्या एकेकाकडे जाऊन व्हिडिओ पुसून घेतला. कुणी पुसतो म्हणाला, कुणी टर उडवली. ते त्याला सोसावं लागलं. ग्रुपवर त्याने आपल्या शब्दांत लिहिलं. मोबाइल सहामाही परीक्षेपर्यंत आईच्या पेटीत गेला. या सगळ्याला दोन आठवडे लागले. दोन छड्या मारायला दोन मिनिटं लागली असती.

त्यानंतर वर्गाने मोबाइलबद्दल आपले नियम आपणच लिहिले आणि फळ्याच्या बाजूला लावले. त्यातला एक मला पाठ आहे. "कुणी पडलं तर आधी उचलायचं." तो त्या मुलानेच सुचवला होता.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. ती मुलगी त्या वर्षी नाचली नाही. दोघं आजही एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बोललंच पाहिजे असंही नाही. दोघी आया हप्ता भरायला एकाच रिक्षाने येतात, पण पूर्वीची बात नाही. तरी मुलगी शाळेत परत आली आणि मुलाचीही शाळा सुटली नाही. मुलगी परत आली, हे आपण बायका पहिल्यांदा मोजू. आपल्याकडे अशा वेळी शाळा सुटते ती मुलीचीच.

एक सांगून ठेवते. व्हिडिओ पडण्याचा होता म्हणून हे बसून सोडवता आलं. तोच कपडे बदलतानाचा असता, अंगाला हात लावल्याची गोष्ट असती, अश्लील मेसेज असते, तर शाळेने किंवा गावाने बसून मिटवायचा हा विषयच नाही. तो पोलिसांचा विषय आहे. त्यावर पुढे बोलते.

मला वाटलं होतं, या सिस्टर स्वभावानेच मवाळ असतील. नंतर कळलं की कॅथलिक शाळांत या विचाराला जुनी परंपरा आहे. इटलीत डॉन बॉस्को नावाचे एक धर्मगुरू होऊन गेले. जन्म १८१५ चा, गरीब शेतकऱ्याच्या घरातला. बाप गेला तेव्हा हे पोर दोन वर्षांचंही नव्हतं. आई मार्गारिटा, लिहिता-वाचता न येणारी, तिने शेत करून मुलं वाढवली. पुढे हे धर्मगुरू झाले आणि तुरिन शहरात काम करू लागले. तिथे खेड्यांतून मजुरीला आलेली पोरं रस्त्यावर राहायची आणि काही तुरुंगातही पोचायची. त्या पोरांसाठी त्यांनी घर आणि शाळा काढली. त्यांचं म्हणणं असं, की मुलाने चूक करायची वाट बघायची आणि मग शिक्षा करायची, ही एक पद्धत. मुलाच्या इतकं जवळ राहायचं की चुकीकडे जायच्या आधीच त्याला हात देता यावा, ही दुसरी. तिला ते प्रतिबंधक पद्धत म्हणायचे. १८७७ मध्ये त्यांनी त्यावर छोटंसं टिपणही लिहिलं. त्यात तीन गोष्टींवर भर आहे. मुलाला कारण सांगा, देवाची ओढ लावा आणि माया करा. नुसती माया मनात ठेवून भागत नाही, ती मुलाला दिसली पाहिजे, असंही त्यांचं सांगणं होतं. मारझोडीला त्यांचा विरोध होता.

या गोष्टीत मला सगळ्यात आवडते ती त्यांची आई. १८४६ मध्ये, उतारवयात, ती आपलं गावचं घर सोडून मुलाच्या मदतीला तुरिनला गेली. दहा वर्षं, मरेपर्यंत, परक्या पोरांचा स्वयंपाक केला, त्यांचे फाटके कपडे शिवले. पोरं तिला मामा मार्गारिटा म्हणायची. मामा म्हणजे त्यांच्या भाषेत आई. असं सांगतात, की तिने अंगणात लावलेला भाजीचा वाफा पोरांनी लढाई-लढाई खेळताना पार तुडवून टाकला. तेव्हा ती वैतागून म्हणाली, मी चालले घरी. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवलं, आणि ती राहिली. मला विचाराल तर त्या दिवशी मुलाने पोरांना घेऊन वाफा परत लावून द्यायला हवा होता! पण सांगायचं एवढंच, की या पद्धतीच्या मुळाशी एक अडाणी म्हटली जाणारी आई आहे. पोरगं शाळेच्या हवाली करून ती मोकळी झाली नव्हती.

सगळ्याच शाळा अशा चालतात का? नाही. संस्था वेगळ्या, माणसं वेगळी. पट्टी मारणारे, अंगठे धरून उभं करणारे, "तुझ्या आईने कधी शाळा पाहिली का" असं चारचौघांत बोलणारे शिक्षक मिशनच्या शाळेतही असतात, जिल्हा परिषदेच्याही आणि संस्थेच्याही. म्हणून कायदा माहीत पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी घालतं. पण यात एक खाच आहे. तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना तो लागू होत नाही. कॅथलिक शाळा बहुधा त्यातच मोडतात. मग तिथे मारायला मोकळीक आहे का? मुळीच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण करून किंवा छळून त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास दिला, तर तो गुन्हा आहे. त्यात अल्पसंख्याक शाळा, साधी शाळा असा भेद नाही. वय अठरापर्यंतचं. आणि आईने परवानगी दिली म्हणून गुन्हा गुन्हा राहत नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरा कायदा पॉक्सो, २०१२ चा. अठरा वर्षांखालच्या मुलगा किंवा मुलगी, दोघांनाही त्याचं संरक्षण आहे. मुलगासुद्धा, हे लक्षात ठेवा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली की ती पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेने "आपण आतल्या आत बघू" म्हटलं तर ते चालत नाही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्यालाही कैद होऊ शकते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि तिच्या अंगावर गणवेश नसतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचं नाव कुठे छापता येत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण "पोरीचं नाव होईल" या भीतीनेच आपण गप्प बसतो.

चर्चमध्येही या बाबतीत पूर्वी जगभर गोष्टी दडपल्या गेल्या, हे आता लपलेलं नाही. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम काढला, की प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घ्यायची व्यवस्था हवी आणि असं काही कळलं तर फादर-सिस्टरांनी ते वरिष्ठांना कळवलंच पाहिजे. पण चर्चकडे तक्रार केली म्हणजे पोलिसांकडे जायचं राहिलं तरी चालेल, असं नाही. आणि कॅथलिक मैत्रिणींनो, आपल्या मुलांना एवढं सांगून ठेवा. कन्फेशनमध्ये सांगितलेली गोष्ट फादर कुणालाही, कधीच सांगू शकत नाहीत, तसा त्यांचा धर्मनियमच आहे. म्हणून कुणी त्रास देत असेल तर ते कन्फेशनच्या बाहेर, आईला, बाईंना, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. मुलाला वाटतं, आपण सांगितलं. आणि इकडे मदत करायला कुणाला कळलेलंच नसतं.

२०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमायला सांगितली आहे. शाळेत तक्रारपेटीही हवी. तुमच्या शाळेत पेटी कुठे लावली आहे ते बघून या. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारीच असेल, तर तिच्यात चिठ्ठी टाकायची हिंमत कोण करणार? पाण्याच्या टाकीकडे किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा, असं आमच्या बायकांनी एका शाळेला सुचवलं आणि त्यांनी ऐकलं. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा फोन चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

आता जरा आपल्या घराकडे बघू. वाईट वागणं म्हणजे वाईट पोर, असं आपण चटकन ठरवतो. एका शाळेत नववीतली एक मुलगी तासाला डुलक्या घ्यायची, गृहपाठ नाही, विचारलं तर उलट बोलायची. दोनदा वर्गाबाहेर उभी राहिली. डायरीवर आईची खोटी सहीही केली. शेवटी वर्गशिक्षिका बाईंनी तिला डबा खायला सोबत बसवलं. तेव्हा कळलं की डब्यात काही नाही. पहाटे चारला उठून गोठा, धार, धाकट्याची अंघोळ, मग तीन किलोमीटर चालत शाळा. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. बारा वर्षांवरच्या मुलीला ते निदान बारा पाहिजे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्त कमी असल्याचं आढळलं होतं. म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरी. शाळेत आठवड्यातून एकदा निळी लोहाची गोळी देतात, ती या मुलीने कधी घेतलीच नव्हती. मळमळतं म्हणून खिडकीतून टाकायची. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते, जेवणानंतर घ्यायची. आणि लगेच वर चहा प्यायचा नाही, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

बाईंनी खोट्या सहीचं काय केलं? सोडून दिलं नाही. तिने स्वतः आईला सांगायचं, आणि बाई सोबत असतील, असं ठरलं. आईने ऐकलं, आणि तिच्या लक्षात आलं की सकाळची धार मोठ्या मुलालाही काढता येते. तो अकरावीला आहे, हात धडधाकट आहेत. माया आणि जबाबदारी या दोन्ही एकाच वेळी चालतात, त्या अशा. पुढे त्या बाईंनी तिला वर्गाच्या वाचनपेटीची चावी दिली. सहसा असं काम पहिल्या नंबरच्या मुलीला मिळतं. जिच्यावर कुणी विश्वास टाकला नाही तिच्यावर टाकला, तर ती तो सांभाळते का, हे बघायची तरी संधी मिळते.

दहावीच्या वर्षाबद्दल थोडं. झोप उडणं, जेवण टाकणं, एकटं बसणं, आवडीच्या गोष्टी नकोशा होणं, "माझा काही उपयोग नाही" असं बोलणं, हे दोन आठवडे चाललं तर नखरे म्हणून सोडू नका. मूल "मरून जावंसं वाटतं" म्हणालं तर ती धमकी समजू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?" असं सरळ विचारलं म्हणून मुलाच्या डोक्यात ते येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवा. १४४१६ हा टेली मानस नावाचा सरकारी फोन आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, फुकट. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक बसतात. देवाला नवस बोलायचा तर बोला, मी नाही म्हणत नाही, पण फोनही करा.

आमच्या गटांनी त्या व्हिडिओच्या प्रकरणानंतर एक पद्धत सुरू केली, ती सांगून थांबते. पालक सभेला आपण का जात नाही? कारण रोज बुडतो. खुरपणीचे दिवस असले की एका सभेपायी दिवसाची मजुरी जाते. मग ठरलं की एका शाळेत ज्यांची मुलं आहेत त्यांच्यातल्या दोघींनी पाळीपाळीने जायचं, सगळ्यांच्या वतीने. बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं शाळेची. गेलेल्या दोघींनी सांगायचं आणि सचिवाने इतिवृत्तात लिहायचं. ज्या मुलाचं काही खाजगी असेल ते बैठकीत काढायचं नाही, त्याच्या आईने स्वतः शाळेत जायचं. पहिल्या सभेला आमच्या दोघी गेल्या तेव्हा मार्कांचंच विचारून आल्या. आता विचारतात, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? मधल्या सुट्टीत मुलांजवळ कोण असतं? बोर्डिंगमध्ये रात्री मुलीला बरं वाटेनासं झालं तर ती कुणाला उठवते? यावर्षी सखी सावित्री समितीच्या बैठका झाल्या का? काही शाळांना हे प्रश्न खुपले. एका ठिकाणी "तुम्हाला कुणी शिकवून पाठवलं?" असंही ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी फादरांनी खुर्च्या मागवल्या आणि वही उघडून लिहून घेतलं.

मागच्या महिन्यात पाळी माझी होती. मी माझ्या मुलाच्या सिस्टरांना म्हटलं, पाचवीच्या प्रवेशाला मी तुम्हाला मारायची परवानगी दिली होती, ती परत घेते. त्या हसल्या. म्हणाल्या, "मी ती घेतलीच नव्हती." आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुमचा मुलगा रात्री किती वाजता झोपतो? सकाळी काय खाऊन निघतो? घरी सगळ्यात जास्त कुणाशी बोलतो?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली. तिसऱ्याचं त्याला विचारून सांगते म्हटलं. पुढची सभा दुसऱ्या शनिवारी आहे.